बुशराच्या कागदांच्या जिल्दी

अजीजभाईंना सुटा कागद बघवत नसे. कुठं एखादं पान फडफडताना दिसलं की त्यांच्या बोटांना खाज सुटायची. उचल, सरळ कर, चार भावंडांबरोबर शिवून टाक. आयुष्यच त्यात गेलेलं, त्याला कोण काय करणार? नांदेडच्या इतवाऱ्यात त्यांचं जिल्दसाजीचं दुकान होतं. कुराणशरीफपासून कोर्टाच्या फायलींपर्यंत आणि पोरांच्या वह्यांपासून कॉलेजच्या लायब्ररीपर्यंत सगळ्यांचं कागदी गणगोत त्यांच्या हाताखालून गेलं. पुढं लोकांनी पुस्तकं बांधून घेणंच सोडलं. फाटलं की नवं घ्यायचं, नाहीतर मोबाइलात बघायचं. मग अजीजभाईंनीही एक दिवस दुकानाला कुलूप घातलं आणि पुस्तक दाबायचा लाकडी शिकंजा, टोचायचं दाभण, कापायची रापी असा सगळा संसार घरी आणून मागच्या खोलीत ठेवून दिला. रोज सकाळी उठून त्याच्यावरची धूळ पुसायची, एवढंच काम उरलं होतं.

आणि नशीब बघा, अशा माणसाच्या घरात सून आली ती बुशरा.

पुढं जायच्या आधी एक सांगून ठेवतो. या घरातली बोली दखनी. पण ऐकणारे तुम्ही, सांगणारा मी, तेव्हा त्यांचं बोलणं आपल्या नांदेडी मराठीतच सांगतो. एखादा शब्द इकडचा तिकडं झाला तर चालवून घ्या.

तर बुशरा. लातूरच्या खाजा मास्तरांची थोरली. जमिनीच्या पोटातल्या दगडपाण्याचं शास्त्र शिकलेली, नांदेडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी, आणि पीएचडी करून राहिलेली. विषय काय, तर बोअरचं पाणी. नायगाव-हदगावपासून पार लातूरपर्यंत काही गावांत एका बोअरचं पाणी पिऊन माणसांचे दात पिवळे पडतात, गुडघे धरतात, आणि हाकेच्या अंतरावरच्या दुसऱ्या बोअरचं पाणी गोड निघतं, हे का? या ‘का’साठी जगभरातल्या शहाण्यांनी जे जे लिहून ठेवलं ते बुशरा छापून घरी आणायची. पडद्यावर वाचलं की तिचं डोकं दुखायचं, म्हणून सगळं कागदावर. दिवाणावर कागद, फ्रिजवर कागद, शिलाई मशीनच्या पायाखाली कागद. लेक लुबना पाळण्यातून उतरली तेव्हा पाळण्यात कागद झोपायला लागले.

“तांदळाच्या डब्यात हात घालायची बी भीती वाटून राहिली मला,” सासूबाई सुलतानबी म्हणायच्या. “कागद निघायचा एखादा.”

“निघाला तर फेकू नका, अम्मी,” बुशरा म्हणायची. “मी तोच शोधून राहिलेय.”

गमतीचं बोलणं ते, पण खोटं नव्हतं. रोज संध्याकाळी घरात एक कागद हरवलेला असायचाच. बुशरा कमरेला ओढणी खोचून शोधायची, तिचा नवरा अरीब रेल्वेच्या ऑफिसातून दमून आलेला, तोही पलंगाखाली डोकं घालायचा, आणि अजीजभाई कोपऱ्यात बसून बोटं चोळत बघत राहायचे.

सोयरीक जमली तेव्हा खाजा मास्तरांनी एकच अट घातली होती. म्हणाले होते, “अजीजभाई, पोरीचं शिक्षण थांबू देऊ नका. बाकी काही म्हणणं न्हाई.” आणि अजीजभाईंनी भरल्या बैठकीत छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, “मास्तर, शब्द देतो. ती डॉक्टर होईल माझ्या घरातून.” तो शब्द आता गळ्याशी आला होता. कारण मध्ये कोरोना आला, मग बाळंतपण, मग सुलतानबींच्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि एकेका कारणानं सालं सरली. विद्यापीठानं मुदत वाढवून दिली, परत वाढवली, आणि शेवटी कळवलं की आता जूनअखेर. तोवर थिसिस जमा झाला नाही तर नाव रद्द. पहिल्यापासून सगळं.

थिसिस तसा होत आला होता. एकच चॅप्टर राहिला होता, आजवर कुणी काय शोधलं याचा. आता इथं जरा कान देऊन ऐका, कारण पुढचा घोळ सगळा यातच आहे. तो चॅप्टर बुशराच्या डोक्यात नव्हता, कागदांवर होता. प्रत्येक कागदाच्या समासात तिनं वर्षानुवर्षं पेन्सिलीनं बारीक बारीक लिहून ठेवलं होतं. हा माणूस काय म्हणतो, कुठं चुकतो, याचं कुणाशी जमतं, हे आपल्या इकडच्या काळ्या दगडाला लागू आहे का. वर रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या, पिवळी एका गोष्टीची, हिरवी दुसरीची. ते वाचत जायचं आणि चॅप्टर लिहीत जायचं, इतकं ते काम सोपं होऊन बसलं होतं.

एप्रिलमध्ये बोअरच्या पाण्याचे शेवटचे नमुने घ्यायला बुशरा लुबनाला घेऊन लातूरला निघाली. माहेरी राहायचं, आसपासच्या गावांत फिरायचं, असा बेत. रिक्षात बसता बसता म्हणाली, “अब्बा, आल्यावर हे सगळं एकदा नीट लावायचंय. एवढं लागलं की लिहायला बसतेच मी.”

रिक्षा गेली. अजीजभाई दारातच उभे राहिले. नीट लावायचंय! अहो, नीट लावण्यात तर हयात गेली त्यांची, आणि त्यांच्याच घरात पोरगी ते काम आल्यावर करणार होती? तिला रानोमाळ ऊन खाऊन यायचंय, वर हे कागद निस्तरायचेत. त्यांनी आत येऊन सुलतानबींना सांगितलं, “मागची खोली मोकळी कर. खळ शिजव.”

“कुणाचं पुस्तक आलंय का बांधायला?” सुलतानबी म्हणाल्या.

“सुनेचे कागद बांधतो. ती यायच्या आत.”

सुलतानबींनी कपाळाला हात लावला, पण मैद्याची खळ शिजवली. म्हातारा इतक्या दिवसांनी ताठ चालत होता, त्यांना ते बघूनच बरं वाटलं.

काम अजीजभाईंनी आपल्या रीतीनं केलं, आणि त्यांची रीत म्हणजे कॉलेजच्या लायब्ररीची रीत. तिथले ग्रंथपाल भारी कडक होते. त्यांचा दंडकच होता की जिल्द बांधायच्या आधी टाचण्या काढा, चिकटवलेलं सोडवा, आणि पोरांनी पेन्सिलीनं कडेला केलेला गिचमिडा पुसून पान कोरं करून द्या. हाताला लागलेली सवय ती, विचारायला डोक्याकडं जात नाही. अजीजभाई पान घेत, खोडरबर हलक्या हातानं फिरवत, फुंकर मारत, ठेवत. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण आकडे येत होते. वरच्या कोपऱ्यातलं साल बघून त्यांनी कागद सालवार लावले, जसे लायब्ररीत अंक लावतात तसे. पिवळ्या-हिरव्या पट्ट्या एकेक करून सोडवल्या. चिकट वस्तू कागदाला पुढं जाऊन खाते, हे त्यांना पक्कं ठाऊक.

मग दाभणानं भोकं, दुहेरी दोऱ्याची शिवण, पाठीला खळ, शिकंज्यात रात्रभर दाब, वर लाल रेक्झिन. अरीब रोज संध्याकाळी येऊन बघायचा आणि म्हणायचा, “अब्बा, बुशराला एकदा विचारू का फोनवर?”

“विचारून कुणी बक्षीस देतं का रे येड्या?” अजीजभाई त्याला उडवून लावायचे.

शेवटी त्यांनी पितळी अक्षरं तापवली आणि सोनेरी पट्टीवर दाबून प्रत्येक जिल्दीच्या पाठीवर एकच ओळ उठवली. ‘डॉ. बुशरा अरीब’. झाली नव्हती डॉक्टर अजून. पण होणारच होती की. शब्द कुणी दिला होता?

बुशरा आली ती उन्हानं काळवंडून. हातात बाटल्यांचा खोका, खांद्यावर झोपलेली लुबना. घरात शिरली आणि जागच्या जागी थांबली. दिवाण रिकामा. फ्रिज रिकामा. पाळणा रिकामा.

“अम्मी, माझे कागद?”

“आधी पाणी पी,” सुलतानबी म्हणाल्या. अजीजभाईंना कुठं दम निघतोय? ते तिला हाताला धरून भिंतीतल्या फळीकडं घेऊन गेले आणि वरची चादर ओढली. लाल जिल्दींची रांग, एका उंचीची, पाठीवर सोन्यात नाव. बुशरानं लुबनाला सासूकडं दिलं. एक जिल्द काढली, उघडली. पान उलटलं, आणखी एक उलटलं, मग मधूनच उघडून बघितलं, मग दुसरी जिल्द काढली. काहीतरी शोधत असल्यासारखे तिचे हात चालले होते. अजीजभाईंना वाटलं, पोरगी शिवण तपासून राहिलीय. ते मोठ्या खुशीनं म्हणाले, “एकेक पान कोरं करून घेतलंय बघ. लोकांनी केवढा गिचमिडा करून ठेवला होता पेन्सिलीनं! एक बी ठेवला न्हाई.”

बुशरानं जिल्द मिटली. तिचा चेहरा भिंतीकडं होता. थोड्या वेळानं ती वळली, हसली, आणि म्हणाली, “लई सुंदर झाल्यात अब्बा. माझं नाव बी काय छान उठलंय.” आणि खाली वाकून तिनं त्यांचा हात डोळ्यांना लावला. हात ओला झाला, ते पाणी अजीजभाईंनी आनंदाचं धरलं. अहो, माणूस प्रेमात असला की त्याला समोरचं दिसत नाही, हे काय फक्त तरुणांचंच असतं होय?

त्यानंतर घरात एक विचित्र शांतता आली. संध्याकाळी कागद हरवेनात. कुणी पलंगाखाली डोकं घालेना. बुशरा कॉलेजातून आली की जमिनीवर बसायची, चार-पाच जिल्दी भोवती उघडून, एकीवर पोळपाट ठेवलेलं, एकीवर वरवंटा, कारण जाड जिल्दी उघड्या राहत नसत. हिच्यातलं एक पान बघायची, मग उठून तिच्यातलं दुसरं. पहिल्यापासून सगळं परत वाचत होती आणि एका कोऱ्या वहीत उतरवत होती. समासात पेन्सिल लावत नव्हती. तिचा वेग बघून अजीजभाईंनाही कळत होतं की हे काम गोगलगाईच्या चालीनं चाललंय. मे लागला होता.

“डोकं दुखून राहिलं का ग?” ते विचारायचे.

“न्हाई अब्बा. ऊन लई आहे ना.”

त्यांना वाटायला लागलं की तिला जिल्दी आवडल्याच नाहीत. रंग चुकला असेल. आजकालच्या पोरींना लाल आवडत नाही, हिरवा घ्यायला पाहिजे होता. या विचारात ते दोन दिवस नीट जेवले नाहीत.

मग गच्चीवर कुरडया वाळत घालताना सुलतानबींनी सुनेला गाठलं. काय झालं ते सांग, नाहीतर आजपासून तुझ्या हातचा चहा पिणार नाही, अशी धमकीच घातली. बुशरा रडली आणि तिनं सगळं सांगितलं. वर शपथ घातली, अब्बांना यातलं अक्षर कळू द्यायचं नाही. सुलतानबींनी लुबनाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. पण त्यांच्या पोटात गोष्ट राहणं म्हणजे चाळणीत पाणी राहणं. शपथ जिना उतरेपर्यंत टिकली.

“अरीबचे अब्बा,” त्या खाली येऊन म्हणाल्या, “तुम्ही जो गिचमिडा पुसलात ना, तो लोकांचा नव्हता. तिचा होता. तिची सगळ्या वर्षांची अक्कल होती ती.”

अजीजभाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. ते उठून मागच्या खोलीत गेले. खोडरबराचा चुरा अजून शिकंज्याखाली पडलेला होता, काळा काळा. त्यांनी तो हातानं गोळा केला, आणि आता त्याचं काय करायचं ते न समजून तसेच बसून राहिले. आपण केलं काय हे? एवढं प्रेमानं, एवढं स्वच्छ, एकेक पान मांडीवर घेऊन पुसलं. एखादं तरी चुकून राहिलं असतं! पण हात साफ होता ना अजीज जिल्दसाजाचा, एकही राहिलं नव्हतं.

सुनेसमोर जायचं तोंड त्यांना नव्हतं. पण त्यांच्या मनाला खरी टोचणी लागली ती दुसरीच. शब्द दिला होता मास्तरांना. पोरीचं शिक्षण कुणी थांबवलं, तर ज्यानं छातीवर हात ठेवला होता त्यानंच. हे मास्तरांना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपण जाऊन सांगितलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जातो म्हणून ते निघाले आणि लातूरच्या बसमध्ये जाऊन बसले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, खिडकीतून गरम वारा तोंडावर येत होता. मास्तर घराबाहेर काढतील, काढू देत, असं मनाशी म्हणत अजीजभाई लातूरला उतरले.

मास्तरांनी घराबाहेर काढलं नाही. उलट व्याही न कळवता दारात आलेले बघून त्यांना काय करू आणि काय नको असं झालं. शेजारच्या सिद्धरामअप्पांना हाक मारली, समोरच्या शिवगंगाकाकूंना बोलावलं. “हे बघा, हेच ते! माझ्या पोरीचे कागद सोन्यानं मढवणारे अजीजभाई!”

अजीजभाई गोंधळले. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कोण सांगणार? बुशरानं. फोनवर दुसरं बोलतच न्हाई पोरगी. जिल्द अशी, शिवण अशी, पाठीवर डॉक्टर म्हणून नाव. फोटो बी पाठवला, सगळ्या गल्लीला दाखवून झाला. मला म्हणाली, अब्बाजी, एवढी वर्षं माझे कागद सगळ्यांच्या घरात अडचण होते. या घरात अब्बांनी त्यांना मांडीवर घेतलं.”

हे ऐकलं आणि अजीजभाईंच्या घशात आलेलं वाक्य मागं फिरलं. सिद्धरामअप्पा कौतुकानं बघत होते, काकू सरबत घेऊन आल्या होत्या. म्हणजे पोरीनं बापालासुद्धा सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर हलकं वाटलं असतं तिला. माहेरी तरी माणूस मन मोकळं करतो. तिनं तिथंही सासऱ्याची इज्जत झाकून ठेवली होती.

शेजारीपाजारी निघून गेल्यावर अजीजभाईंनी सांगितलं. सगळं सांगितलं, चुऱ्यासकट. मास्तर जुने शिक्षक, समासातल्या पेन्सिलीची किंमत त्यांना सांगायला नको होती. त्यांचा चेहरा उतरत गेला. बराच वेळ ते पायजम्याची घडी सारखी करत बसले.

“राग आला असेल तर बोला मास्तर,” अजीजभाई म्हणाले. “मी ऐकायलाच आलोय.”

“आलाय थोडा,” मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले. मग विचारलं, “मग आता ती काम कसं करून राहिली?”

“परत वाचतेय. जिल्दी पसरून बसते. हिच्यातलं एक पान, तिच्यातलं एक.”

“पण मग सुटे का करून घेत न्हाई कागद? तिला लागतील तसे लावता येतील. जिल्दी उघडून उघडून तर सहा महिने जातील.”

एवढा साधा प्रश्न अजीजभाईंना सुचलाच नव्हता. अक्षरं गेली ती गेली, ती काही परत येत नव्हती. पण वेळ खात होती ती जिल्द. बुशरा शहाणी पोरगी, तिला हे पहिल्याच दिवशी कळलं असणार. घरात सुरी होती, कात्री होती. तरी तिनं एकाही जिल्दीला हात लावला नव्हता. जून डोक्यावर आलेला असताना ती पोळपाट न् वरवंटा ठेवून पानं उलटत बसली होती, आणि कुणासाठी, तर या म्हाताऱ्यासाठी.

“मास्तर, निघतो मी,” ते उठलेच.

“अहो जेवून जा! तुमच्यासाठी मटण टाकलंय.”

“तुम्ही खा माझ्या नावानं. मला दुपारची गाडी गाठायचीय.”

घरी पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वीज गेलेली, बुशरा जमिनीवर जिल्दींच्या मधोमध, ओढणीनं वारा घेत. अजीजभाईंनी चपला काढल्या, मागच्या खोलीत गेले, रापी घेऊन आले आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले. सगळ्यात जवळची जिल्द त्यांनी ओढून घेतली.

“अब्बा, काय करून राहिलात?”

“सुटे करतो.”

“न्हाई!” तिनं त्यांचं मनगटच धरलं. “न्हाई अब्बा, हात लावू नका. तुमचं काम आहे ते. मी वाचतेय ना, होऊन राहिलंय माझं.”

“कसलं डोंबलाचं होऊन राहिलंय? मी काय आंधळा आहे?” अजीजभाईंचा आवाज चढला, आणि लगेच बसला. “बुशरा, जिल्द कागदासाठी असते ग. वाचणाऱ्याचा हात सोपा व्हावा म्हणून असते. ही तर तुझ्या आडवी येऊन राहिलीय. सोड हात.”

तिनं हात सोडला. रापी पाठीवर फिरली, लाल रेक्झिन चिरलं, सोनेरी अक्षरांचे दोन तुकडे झाले. आतली शिवण मात्र तुटेना. दुहेरी दोरा, खळ अशी मुरलेली की रापी घसरायला लागली. “एवढं मजबूत शिवायला कुणी सांगितलं होतं रे तुला, अजीज?” ते स्वतःलाच म्हणाले, आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले. दोरा तुटला. पानं जमिनीवर मोकळी झाली. त्यांनी दुसरी जिल्द घेतली.

थिसिसचं म्हणाल तर तो वेळेत गेला. जून संपायच्या आत बुशरा विद्यापीठात जाऊन देऊन आली, आणि त्यासाठी त्या घरानं महिनाभर काय काय केलं ते सांगत बसलो तर दिवस पुरायचा नाही. माझं मन त्या संध्याकाळीच अडकलंय.

कारण अजीजभाईंनी शेवटची जिल्द सोडवली, पानं तिच्यापुढं सारली, आणि विचारलं, “तू बोलली का न्हाईस? पहिल्या दिवशीच का न्हाई बोलली?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“आणि तुला वाटलं त्याचं काय?”

“लई वाटलं,” ती म्हणाली. “लई राग आला होता अब्बा तुमचा. इतका की मला तुमच्याकडं बघवत नव्हतं.”

“मग काढ की आता. बसलोय मी.”

आणि तिनं काढला. आधी हळू, मग आवाज चढवून. एवढी वर्षं घालवली मी, रात्री लुबनाला मांडीवर घेऊन लिहिलं, आणि तुम्ही रबर फिरवलंत? एक फोन करायला काय झालं होतं? अरीब म्हणत होता ना विचारू का म्हणून, त्याला गप्प बसवलंत! माझं अक्षर ओळखू येत न्हाई तुम्हाला? किराण्याची यादी कोण लिहून देतं घरात? आणि सालवार कुणी लावायला सांगितलं, मी काय लायब्ररी आहे? रडत होती, नाक पुसत होती आणि बोलत होती. लग्न होऊन आल्यापासून या पोरीनं घरात चढ्या आवाजात एक शब्द काढला नव्हता. जी अब्बा, हो अब्बा, लई सुंदर अब्बा. आज ती मास्तरांच्या अंगणातल्या पोरीसारखी भांडत होती.

अजीजभाई मान खाली घालून सगळं ऐकत होते, आणि आतून त्यांना असं भरून येत होतं की सांगता सोय नाही. त्यांना लेक नव्हती. लेक बापाला कशी बोलते हे त्यांना दुसऱ्यांच्या घरी बघूनच माहीत होतं.

बोलून बोलून बुशरा दमली. तिनं ओढणीनं तोंड पुसलं, आणि आपण काय बोललो हे ध्यानात येऊन घाबरून सासऱ्याकडं बघितलं.

“थांबलीस का?” अजीजभाई म्हणाले. “बोल की. अजून काय काय बिघडवलंय मी?”

“बोल बोल!” सुलतानबी आतून ओरडल्या. “चहा टाकलाय. मी आल्याबिगर संपवू नको, मला बी भर घालायचीय.”